परसातला पक्षी कोणत्या महिन्यातला?

शाळेसाठी पक्ष्यांचे कोणते पुस्तक घ्यावे, असे शिक्षक नेहमी विचारतात. जाणकारांचे उत्तर ठरलेले असते : डॉ. सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’. हे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. पण पुस्तक उत्तम असणे आणि ते अमुक एका ठिकाणच्या नवशिक्याच्या उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या वेळी आम्ही पक्ष्यांवरची काही पुस्तके, आणि पुस्तकांच्या जोडीने हल्ली शाळांतून राबवले जाणारे काही उपक्रम, एकाच साध्या कसोटीवर घासून पाहायचे ठरवले आहे.

कसोटी अशी. रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या गावी सहावी-सातवीतल्या मुलाने किंवा मुलीने मागच्या पडवीत बसून वर्षभर परसातले पक्षी पाहायचे ठरवले. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. एक वही आहे आणि शाळेने आणलेले पुस्तक आहे. समोर बसलेला पक्षी ओळखायला हे पुस्तक मदत करते का, हा पहिला प्रश्न. पुढच्या महिन्यात कशाची वाट पाहायची हे ते सांगते का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात बहुतेक पुस्तके उत्तीर्ण होतात. दुसऱ्यात जवळजवळ सगळी अडखळतात. आमच्या मते नवशिक्याला टिकवून धरणारा प्रश्न दुसराच आहे. ओळखण्याचा आनंद पहिल्या वीस-पंचवीस पक्ष्यांनंतर ओसरतो. त्यापुढे मूल वही उघडते ते काहीतरी घडणार आहे असे वाटत असेल तरच.

कोकणातले परस म्हणजे बंगल्याभोवतीची हिरवळ नव्हे. न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली केळ आणि अळू, विहीर, चिऱ्यांचा गडगा, चार माड, पाच-दहा पोफळी, एखादा फणस, रायवळ आंबा, जास्वंद, शेवगा, आणि मागे चढत गेलेला डोंगरउतार किंवा सड्याचा कातळ. एवढ्याशा जागेत जमिनीपासून माडाच्या शेंड्यापर्यंत पक्ष्यांना राहायला पाच-सहा मजले असतात. अळवातून पांढऱ्या छातीची पाणकोंबडी शेपूट उडवत बाहेर येते, रुंद पानांच्या झुडपात शिंपी पान शिवतो, गडग्यावर दयाळ, जास्वंदीवर सूर्यपक्षी, फणसावर कुटुरगा, आणि सगळ्यांवर नजर ठेवून माडावर डोमकावळा. यांतला एकही पक्षी दुर्मीळ नाही. पण प्रत्येकाचे वर्ष वेगळे आहे.

भारतभराचे पुस्तक

सालिम अलींचे पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४१ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्यावर पक्षीनिरीक्षकांच्या पिढ्या वाढल्या. त्याची खरी ताकद तुलनेत आहे. झाडावर बसलेला पक्षी किती सेंटीमीटरचा हे कोणालाही सांगता येत नाही. तो चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, हे मात्र पहिलीतले मूलही सांगते. ही मापपट्टी परसातलीच आहे. जुन्या आवृत्त्यांची सुरुवातही डोमकावळ्यापासून होई. पुढे वर्गीकरणाचा मान्य क्रम बदलला आणि पुस्तक पाणपक्ष्यांपासून सुरू होऊ लागले. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. तरीही शाळेच्या कपाटात जुनी, शिवण सुटलेली प्रत असेल तर ती रद्दीत घालू नका. ओळखीच्या कावळ्यापासून सुरू होणारे पुस्तक नवशिक्याला आपले वाटते.

पक्ष्यांच्या सवयींचे वर्णन करताना लेखकाची नजर किती बारीक आहे हे पाहायचे असेल तर फुलटोच्या काढून वाचावा. चिमणीहून कितीतरी लहान, मळकट रंगाचा, ‘चिक् चिक्’ करणारा हा पक्षी मुलांच्या लक्षातही येत नाही. पण कोकणात आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ आणि हा पक्षी यांची जोडी आहे, आणि सालिम अलींनी ती सांगितली आहे. बांडगुळाचे फळ फुलटोच्या खातो. आतली बी चिकट असते. चोचीला किंवा शेपटीखाली चिकटलेली बी सोडवण्यासाठी तो फांदीला अंग घासतो आणि ती बी तिथेच रुजते. बागायतदार कोयता घेऊन बांडगुळे काढतो, फुलटोच्या ती पुन्हा लावतो. हापूसच्या कलमांच्या प्रदेशात विज्ञानाच्या तासाला याहून चांगला धडा मिळणार नाही. परोपजीवी वनस्पती, बीजप्रसार आणि घरचे अर्थकारण तिन्ही एका फांदीवर दिसतात.

मग उणीव कोठे आहे? ती लेखकाच्या कामात नाही, पुस्तकाच्या आवाक्यात आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या वाचकासाठी लिहिताना ‘रहिवासी, ऋतुमानाप्रमाणे स्थानिक हालचाली’ अशा अर्थाचे शब्द वापरण्यावाचून इलाज नसतो. भारताच्या नकाशावर हे शब्द खरे ठरतात. रत्नागिरीच्या पडवीत बसलेल्या मुलाला मात्र त्यातून काही कळत नाही. वेड्या राघूचेच पाहा. विजेच्या तारेवर बसून माश्या टिपणारा हा हिरवा पक्षी भारतभर रहिवासी म्हणून नोंदलेला असतो. पण मुसळधार पावसाचा किनारा तो पावसाळ्यात सोडतो आणि पाऊस ओसरल्यावर परततो. रत्नागिरीत पावसाची वार्षिक सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक आहे, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उडते किडे हवेत पकडून जगणाऱ्या पक्ष्याने तेव्हा इथे राहून करायचे काय? म्हणजे देशाच्या हिशेबात जो ‘रहिवासी’, तो आपल्या परसाच्या हिशेबात पाहुणा. मुलाने जुलैत पुस्तक उघडले, ‘सर्वत्र आढळतो’ असे वाचले आणि तारेवर एकही दिसला नाही, तर त्याला वाटणार की आपल्यालाच पाहता येत नाही.

नवरंगाचे नेमके उलटे. हिरवी पाठ, निळा पंख, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, साळुंकीहून थोडा लहान आणि जवळजवळ शेपूट नसलेला हा पक्षी रोहिणी नक्षत्राच्या सुमारास दक्षिणेकडून कोकणात येतो, पावसात वीण करतो आणि पाऊस संपल्यावर परत जातो. सालिम अलींनी त्याच्या हालचालींचा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांशी संबंध सांगितला आहे. पण तो संबंध आपल्या गावी कोणत्या आठवड्यात दिसतो, हे भारताचे पुस्तक सांगू शकत नाही. नवरंग जमिनीवर पालापाचोळा उलटत हिंडतो, त्यामुळे दिसतो कमी. पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू येते. आगर ओलसर, दाट आणि झाडलोट न केलेले असेल तर ती परसातूनही ऐकू येते. पहिली शीळ कोणत्या तारखेला ऐकली याची नोंद एका शाळेने दहा वर्षे ठेवली, तर त्या वहीला कोणत्याही छापील पुस्तकात न सापडणारी किंमत येईल.

‘पावसाळा हा मोसम नव्हे’

पक्षीनिरीक्षणाच्या बहुतेक प्रास्ताविक पुस्तकांत आणि लेखांत एक वाक्य हमखास भेटते : पक्षी पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे हिवाळा. पुढे ओघाने स्थलांतरित बदके, तलाव, पहाटेचे धुके आणि मातकट रंगाचे कपडे येतात. दख्खनच्या पठारावर, जायकवाडी किंवा उजनीच्या काठावर हे वाक्य खरे आहे. कोकणातल्या परसासाठी ते दिशाभूल करणारे आहे, आणि आमचा मुख्य आक्षेप त्यालाच आहे.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. नेमके तेव्हाच परसात वर्षातल्या सर्वांत मोठ्या घडामोडी चालू असतात. गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढलेला असतो. ठिपकेवाल्या मुनिया गवताची पाती चोचीत धरून ये-जा करू लागतात. पाणकोंबडी एरवी मुकी वाटते, ती आता रात्री-अपरात्री ओरडते. कोकिळ अजून गात असतो, कारण कावळ्यांची घरटी नुकतीच उलगडत असतात. घराजवळ सावलीतला व्हाळ असेल तर तिबोटी खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरतो. चिमणीएवढा, केशरी-जांभळा-निळा असा हा पक्षी बेडूक, खेकड्याची पिल्ले, पाली आणि कोळी यांवर जगतो, आणि हे सगळे पावसातच मुबलक असते. (त्याचे बीळ सापडले तर मुलांना तिथे नेऊ नका. छायाचित्रांच्या हव्यासापायी कोकणातल्या अशा बिळांपाशी पुरेशी गर्दी होते, तीत शाळेची भर नको.) आणि माडावर, विहिरीवर वाकलेल्या फांदीवर सुगरण.

सुगरणीपाशी थोडे थांबायला हवे, कारण इथे सालिम अलींनीच सालिम अलींना उत्तर दिले आहे. त्यांनी सुगरणीचा जो प्रसिद्ध अभ्यास केला तो किहीमला, म्हणजे रत्नागिरीसारख्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ. साल १९३०, आणि मोसम पावसाळ्याचा. हाती नोकरी नव्हती, वेळ होता, आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते रोज तिथे बसून राहिले. नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो. घरटे टोपीसारखे अर्धे झाले की माद्या येऊन ते तपासतात. पसंत पडले तर मादी राहते आणि मग नर उरलेले घरटे पुरे करतो. त्यानंतर तो दुसरे विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवायच्या मागे लागतो. हे सगळे त्यांना कळले ते दूरच्या जंगलात जाऊन नव्हे. एक जागा आणि एक जात धरून महिनोन्‌महिने पाहिल्यामुळे कळले. सोसायटीच्या नियतकालिकात तो निबंध १९३१ मध्ये छापून आला. त्यांच्या ओळखपुस्तकातून मुलाला शेकडो पक्ष्यांची नावे मिळतात. पाहावे कसे, हे मात्र किहीमच्या या कामातून समजते. शाळेने दोहोंतले एकच मुलांपुढे ठेवायचे असेल तर आम्ही किहीमची गोष्ट निवडू. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ती वाचायला मिळते.

पाऊस कोसळत असताना बाहेर पडता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण परसातल्या निरीक्षणाला बाहेर पडायचेच नसते. पागोळ्यांच्या आड, कोरड्या पडवीत बसून शेवग्यावरचे ओले बुलबुल पाहायला कोणती सामग्री लागते?

एका जिल्हाधिकाऱ्याची यादी

दुसऱ्या प्रश्नाला त्यातल्या त्यात चांगले उत्तर देणारा मजकूर आम्हाला मिळाला तो सर्वांत जुना. जी. डब्ल्यू. विडाल हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले अधिकारी रत्नागिरी जिल्ह्यात कामाला होते. त्यांनी दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची यादी १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या नवव्या खंडात छापली. हे नियतकालिक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम चालवत. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येई. जिल्ह्याचे विभाजन १९८१ साली झाले. त्यामुळे ‘दक्षिण कोकण’ म्हणजे आजचे दोन जिल्हे असे समजून ही यादी वाचावी लागते.

विडाल यांच्या यादीत आजच्या दृष्टीने खटकणारे बरेच आहे. पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा, हा त्या काळचा रिवाज. शास्त्रीय नावे जुनी, बरीचशी आता बदललेली. इंग्रजी अंमलदारी थाटाचे. मुलांच्या हाती ही यादी थेट देता येणार नाही. पण तिच्यात एक गुण आहे, आणि तो नंतरच्या देखण्या पुस्तकांत विरळा झाला : तिला पत्ता आहे. लिहिणारा माणूस त्या जिल्ह्यात राहत होता, फिरत होता, आणि हा पक्षी ‘इथे’ किती दिसतो, कुठे दिसतो, कधी दिसतो याकडे त्याचे लक्ष होते. समुद्री गरुड किनाऱ्यालगतच्या उंच आंब्यांवर घरटी करतो आणि कोकणात त्याला काकण म्हणतात, ही माहिती शोभेची नाही. आजही एखाद्या शाळेला त्यावरून गावातले जुने आंबे पाहत जाता येईल. याच सुमारास, १८८० मध्येच, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंडही निघाला. तो जुन्या ग्रंथालयांतून पाहायला मिळतो.

यादीच्या इंग्रजी शीर्षकात विडाल यांनी ‘पहिली’ हा शब्द घातला आहे. म्हणजे दुसरी कोणीतरी करील अशी त्यांची अपेक्षा असणार. पुढच्या शंभर वर्षांत महाराष्ट्राच्या याद्या झाल्या. हुमायून अब्दुलअली यांची यादी त्यांत महत्त्वाची. पण तिच्या शीर्षकातच म्हटले आहे की पक्ष्यांच्या आढळाच्या टिपणी मुंबई परिसरातल्या आहेत. ते प्रामाणिक आहे, आणि मुंबईकरांना अतिशय उपयुक्त. रत्नागिरी तिथून तीनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला आहे. आमचा आक्षेप अब्दुलअलींवर नाही. मुंबईच्या तारखा उचलून ‘कोकणातले पक्षी’ म्हणून लेख लिहिणाऱ्यांवर आहे.

डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पश्चिम घाट, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांवरचे छायाचित्रांचे पुस्तक २००३ साली आले. कोकण हा शब्द मुखपृष्ठावर मिरवणारे हे पुस्तक शाळेत असायलाच हवे. तांबट आणि कुटुरगा, लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल, साधी साळुंकी आणि जंगली साळुंकी या कोकणात शेजारी-शेजारी राहणाऱ्या जोड्या छायाचित्रांमुळे चटकन वेगळ्या करता येतात. पण कोकण ते मलबार हा पट्टा फार लांब आहे. केरळात जूनचा पाऊस होतो तसा ऑक्टोबर-नोव्हेंबरातला परतीचा पाऊसही मोठा. रत्नागिरीत हस्ताचा पाऊस गेला की आकाश मोकळे. विणीचा काळ पावसाला बांधलेला असेल तर एवढ्या मोठ्या पट्ट्याला एकच वेळापत्रक लागू पडणार नाही. पुस्तक जवळचे झाले, पण अजून परसापर्यंत आलेले नाही.

मराठी नावांचा प्रश्न इथेच घेऊ. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ (२००२) हे मराठीतले मोठे काम आहे. छापील प्रमाण नावांच्या खाली दबलेली गावोगावची, आदिवासी बोलींतली नावे त्यांनी वर आणली. त्यांची हयात बरीचशी विदर्भातल्या जंगलांत गेली, आणि कोशाला तिथल्या मातीचा वास आहे. कोकणातल्या शिक्षकाने त्याचा उपयोग तयार उत्तरे म्हणून न करता नमुना म्हणून करावा, असे आम्हाला वाटते. आपल्या गावची नावे तपासून घेणे भाग आहे. कोकणात पुष्कळ ठिकाणी धनेशाला गरुड म्हणतात. पुस्तकात गरुड म्हणजे शिकारी पक्षी. मुलाने ‘आमच्या काजऱ्यावर गरुड फळे खायला येतो’ असे वहीत लिहिले आणि बाईंनी त्यावर लाल रेघ मारली, तर मुलाचे खरे निरीक्षण मोडीत निघाले. गावातले नाव आणि पुस्तकातले नाव यांसाठी वहीत दोन रकाने ठेवले की हा अन्याय टळतो.

आठवडा आणि वर्ष

पुस्तकांकडून उपक्रमांकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. चितमपल्लींचा वाढदिवस पाच तारखेला, सालिम अलींचा बाराला, म्हणून हा आठवडा. हेतू आदराचा आहे. पण दिवाळीची सुटी वरचेवर या दिवसांत येते. लक्ष्मीपूजन २०२१ मध्ये ४ नोव्हेंबरला होते, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. म्हणजे अशा वर्षी सप्ताह साजरा व्हायचा तो बंद शाळेत किंवा मागाहून कागदावर. शिवाय कोकणातल्या परसासाठी हा शांत काळ. नवरंग गेलेला, सुगरणीचे नर साध्या पिसाऱ्यात, कोकिळ गप्प. उत्तरेकडून आलेले करडे धोबी आणि हळदे दिसतात, पण झुडपांतून नुसते ‘चक् चक्’ करणारे वटवटे तज्ज्ञांनाही घाम फोडतात. नवशिक्याची सुरुवात त्यांच्यापासून करणे म्हणजे गणिताची सुरुवात अपूर्णांकांपासून करणे. सप्ताहाला आमचा विरोध नाही. मात्र फलक, घोषणा आणि चित्रकला स्पर्धा झाली की वर्षाचे पक्षी संपले, अशी जी समजूत होते ती घातक आहे.

फेब्रुवारीतल्या परसातल्या पक्ष्यांच्या जागतिक गणनेबद्दलही थोडेसे असेच म्हणावे लागेल. हा चार दिवसांचा उपक्रम अमेरिकेत १९९८ साली सुरू झाला आणि भारतात २०१३ पासून चालतो. शाळांना भाग घ्यायला तो सोपा आहे आणि मुलांना तो आवडतो. फेब्रुवारी हा कोकणात मोहोराचा काळ. काटेसावर आणि पांगारा फुललेले असतात, त्यांवर भोरड्या आणि सूर्यपक्षी तुटून पडतात, कुटुरगा दिवसभर ओरडत असतो. पाहायला भरपूर मिळते. पण एकाच महिन्याची यादी दरवर्षी केली तर नवरंग आणि तिबोटी खंड्या त्या यादीत कधीच येणार नाहीत. म्हणजे कोकणच्या पावसाचे सर्वांत खास पक्षी कोकणच्या शाळेच्या नोंदीतून कायमचे वगळले जाणार.

केरळातल्या पक्षीनिरीक्षकांनी हा दोष ओळखला होता. २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी केरळचा पक्षी-नकाशासंग्रह केला तेव्हा प्रत्येक ठरलेल्या जागेची पाहणी कोरड्या ऋतूत आणि पावसात अशी दोनदा केली. पावसाळा मोसम नाही असे मानले असते तर ते काम अर्धे झाले असते.

मोबाईलवर आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगणारी साधने आता आली आहेत. ती नाकारण्याचे कारण नाही. ज्या शिक्षकाच्या आसपास कोणी जाणकार नाही, त्याला तपासून पाहायला ती फार उपयोगी पडतात. पण ती नाव आधी देतात आणि पाहणे थांबवतात. मुलाने आवाज आपल्या अक्षरांत लिहून काढावा, पक्षी कुठल्या फांदीवर होता ते टिपावे, आणि मग मोबाईलला विचारावे. इंटरनेटवरच्या जिल्हावार आलेखांबाबत तर जास्तच सावध राहायला हवे. एखाद्या पक्ष्याची जुलै-ऑगस्टातली पट्टी तिथे रिकामी दिसली तर पक्षी नव्हता की पाहणारा नव्हता, हे आधी विचारावे. वर्गात ‘माहिती नाही’ आणि ‘पक्षी नाही’ यांतला फरक शिकवायला हा आलेख उत्तम आहे.

तेव्हा पहिल्या पुस्तकासाठी पैसे असतील तर सालिम अली घ्या, दुसऱ्यासाठी पांडे. तिसऱ्याऐवजी शंभर पानी वही घ्या आणि तिचे वर्ष जानेवारीपासून नव्हे, मृगापासून सुरू करा. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या जागी, ठरलेली वीस मिनिटे. वेळ आणि जागा बदलली की या महिन्याची मागच्या महिन्याशी तुलना करता येत नाही. तीन रकाने : पाहिला, नुसता ऐकला, अपेक्षा होती पण आढळला नाही. गावात कावळ्याच्या घरट्यावरून पावसाचे भाकीत करतात. घरटे कोणत्या झाडावर, किती उंचीवर, फांदीच्या टोकाला की बेचक्यात, हे मे महिन्यात टिपून ठेवले आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहिला, तर भाकिताची परीक्षाही त्याच वहीत होईल. सुटीत शाळा बंद असली तरी मुले परसातच असतात.

तिसऱ्या रकान्यात पहिल्या वर्षी बहुधा कोकिळ येईल. डिसेंबरात त्याचा आवाज नाही, म्हणजे तो गेला, असे मुले सांगतील, मोठी माणसेही सांगतील. मग फळे धरलेल्या वडाखाली किंवा उंबराखाली मुलांना पंधरा मिनिटे गप्प बसायला सांगावे. पानांआड काळा नर असतो, अंगभर ठिपके असलेली तपकिरी मादी असते, आणि दोघेही मुकाट्याने फळे खात असतात.